अभी तो हवा है

जयपूरला आमच्या वरच्या मजल्यावर एक भाईसाहेब राहायचे. रविवारी ते चहाला आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभं राहून आधणाकडे बघत. तळाला बारीक बुडबुडे धरले की मी चहापत्ती टाकायला जायची. ते लगेच हात वर करायचे.

"अभी तो हवा है, भाभीजी. पानी नहीं उबला."

पाण्यातली हवा आधी सुटते, भांड्याच्या ओरखड्यांना चिकटून फुगते. खरी वाफ नंतर तळातून निघते आणि वर येता येता मोठी होते, हे ते दर वेळी नव्याने सांगायचे. एवढं करून स्वतः गप्पांत रमायचे आणि साय धरलेला गार चहा एका घोटात संपवायचे.

त्या उन्हाळ्यात आमच्या मुलीला कावीळ झाली. पाणी उकळूनच द्यायचं होतं आणि सिलिंडर संपत आलेला. बुडबुडे दिसताच मी गॅस बंद केला. तिला बघायला आलेले भाईसाहेब पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले, त्यांनी गॅस पुन्हा पेटवला, वर गेले आणि स्वतःचा सिलिंडर खांद्यावर घेऊन आले.

"हमारे पास दूसरा है," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी वरून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला.

मुलगी बरी झाल्यावर ते चहाला आले, तेव्हा शर्टाला रॉकेलचा वास होता. कप हातात देऊन मी समोरच उभी राहिले. त्या दिवशी त्यांना चहा गरम असतानाच प्यावा लागला.