हिंगाचा वास

फोडणीत हिंग पडला की मला अजून तो गॅसवाला आठवतो. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा उन्हाळा असेल. आई भारतातून आली होती, म्हणून आम्ही सेकंडहँड मोटरहोम घेऊन फिरायला निघालो होतो. ओहायोत गाडीतल्या शेगडीच्या गॅसची टाकी भरायला थांबलो, तर तिथल्या माणसाने साफ नकार दिला. टाकीवर फेरतपासणीचा शिक्का नव्हता.

"तपासल्याशिवाय भरणार नाही. रूल आहे. आणि गॅसचा वास येतोय."

"तो आईच्या हिंगाचा!" मी वैतागून डबी त्याच्या नाकाशी धरली.

"सेम वास!" तो खो खो हसला. तरीही साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून, बाळाला तीट लावावी तसा, एकेका जोडाला हलकेच टेकवत गेला.

व्हॉल्व्हपाशी बुडबुडे यायला लागले. एक फुटला की दुसरा.

त्याचं हसू मावळलं. "नाकाला सवय होते," तो ब्रश झटकत म्हणाला, "साबणाला होत नाही."

मी आईला ते मराठीत सांगितलं. तिने घाईने गाडीची खिडकी उघडली.

"अगं, तो वास जावा म्हणून काल मी आत उदबत्ती लावली होती!"