तंबूच्या मागच्या वाटेनं
ताडपत्रीचा वास आला की धाराशिवच्या तंबूतला तो सिनेमा आठवतो. निजामाचं राज्य होतं. गल्लीत हिंदू-मुसलमान एकमेकांकडं संशयानं बघत होते आणि पडद्यावरही तसलेच दोन शेजारी भांडत होते. मधेच बुरख्यातली आमची शेजारीण आईच्या कानाशी लागली, “म्होरं लोक दगडं घिऊन उभे हायत. मागनं जावा, आमच्या घरचे पोचवतील.” आईला हा डाव वाटला, पण पुढून गलका खरंच ऐकू येत होता. मागं शेजारणीचा नवरा कंदील घेऊन उभा होता. आईनं दगड उचलला, माझा हात घट्ट धरला आणि अंतर ठेवून त्याच्यामागं निघाली. आमच्या दारात तो म्हणाला, “आता दगड टाका, बहेन. कडी लावून घ्या.” त्यानं दगड पाहिला होता, तरी सगळी वाट तो आमच्याकडं पाठ करून चालला, हे आता कळतं.