बादलीभर चिल्लर आणि गफूरचाचा

गफूरचाचा दोरवाले. आधी नाव लिहून टाकते. मी सातवीत शाळा सोडलेली बाई, लिहिण्याची सवय नाही. गोष्टीच्या भरात ज्यानं मदत केली तोच माणूस मागं राहून जायचा. घोडेगावच्या शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात लिंबाखाली ज्यांचं कासरे, वेसणी आणि घुंगुरमाळांचं दुकान लागतं, ते गफूरचाचा. माझ्या हातात आज दहावीचं पुस्तक आहे ते त्यांच्यामुळं.

मी गोंदियाकडची. नवरा रोशन इथल्या हायवेवरच्या हॉटेलात भट्टीवर आहे आणि त्याच हॉटेलच्या बायकांच्या संडास-बाथरूमची सफाई माझ्याकडं. दाराशी स्टुलावर एक ताटली असते. बस थांबली की बाया उतरतात, जाताना कुणी रुपया टाकतं, कुणी पाच. ती ताटली माझी, असं मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

चाचांची पहिली ओळख नळावर झाली. दर शुक्रवारी दुपारी ते बाजारातून येत, हॉटेलबाहेरच्या नळावर वजू करत, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धूत, मग मशिदीकडं जात. माणूस उंच, हात तर गुडघ्यापर्यंत, अंगाला सुतळीचा वास. पाणी फुकट होतं, तरी जाताना न चुकता ताटलीत पाचाचं नाणं टाकायचे. एकदा मी म्हटलं, "काहून टाकता चाचा? नळाचे पैसे नाही घेत आम्ही."

ते थांबले. "काय म्हन्ली? काहून?"

"म्हणजे... कशाला."

"आसं व्हय! काहून!" त्यांना तो शब्द इतका आवडला की त्या दिवसापासून माझं नाव काहूनबाई पडलं. भर पार्किंगमधून हाक यायची, "काहूनबाई, नळ चालू हाय का गं?" मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. घरापासून इतक्या लांब कुणी आपल्याला काहीतरी नाव ठेवतं, म्हणजे आपण तिथं आहोत.

ताटलीतली नाणी मी रंगाच्या रिकाम्या बादलीत साठवत होते. दोन वर्षं. रोशनचा पगार गावाकडं सासूच्या औषधाला जायचा, पण बादलीला त्यानं कधी हात लावला नाही. बादली कशासाठी ते फक्त त्याला ठाऊक होतं. मला सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता, घरी बसून दहावी द्यायची होती. फॉर्मचे पैसे, उशिराचा दंड, कॅफेवाल्याची मजुरी आणि पुस्तकांचा जुना संच, सगळं मिळून नेवाशाचा कॅफेवाला म्हणाला होता, "तीन हजार दोनशे. शुक्रवारी पाचच्या आत या, नंतर साइट बंद." पैसे होते! तीन हजार तीनशे साठ! चार वेळा मोजले होते. फक्त ते सगळे आठ किलो वजनाचे होते.

"चिल्लर नको हां ताई," कॅफेवाला पुढं म्हणाला होता. "नोटा आणा."

बुधवारी एका बँकेत गेले. खिडकीतल्या साहेबांनी बादलीकडं बघूनच मान हलवली. मोजायला माणूस नाही, पुढच्या आठवड्यात या. गुरुवारी किराणा दुकानदाराकडं गेले. तो म्हणाला, "शंभराला नव्वद देईन. दहाची नाणी नकोत, ती कुणी घेत न्हाई." मी बोटांवर हिशेब केला. दहाची एकसष्ट नाणी वजा, वर शेकडा दहा बट्टा. हातात पंचवीसशेसुद्धा येत नव्हते. दोन वर्षांत ज्या बायांनी रुपया-रुपया टाकला त्यांतल्या दर दहाव्या बाईचा रुपया ह्या माणसाला का द्यायचा? पण मी भांडले नाही. मला भांडताच येत नाही, माझ्या घशात शब्द अडकतात. बादली उचलून परत आले.

शुक्रवारी सकाळी नळापाशी रडत होते तेव्हा चाचा आले. त्या दिवशी दहालाच आले होते, बादलीभर पाणी न्यायला. मी हुंदके देत कसंबसं सांगितलं. त्यांनी झाकण उघडलं, बादलीत पंजा घातला, नाणी वर घेतली आणि धान्यासारखी खाली सोडली. त्यांचे डोळे चमकायला लागले.

"अगं येडे, हितं खजिना घिऊन बसलीय आन् रडतीय?"

"कुणी घेत नाही, चाचा."

"ज्याला नको त्याच्याकडं न्हेलं की बट्टा लागतो. ज्याला पायजे त्याच्याकडं न्हे की! चल. ऊठ. टाइम बघ, सव्वादहा झालं!"

मालकाला सांगून मी बादली घेऊन त्यांच्यामागं धावले. अक्षरशः धावले, त्यांचं एक पाऊल म्हणजे माझी दोन.

बाजार असा भरला होता की माणूस आणि बैल ओळखू येऊ नये. धूळ, हंबरणं, टेम्पोचे हॉर्न, पंच्याखाली हात घालून बोटांनी भाव करणारे व्यापारी. आणि तिथं मला कळलं की त्या बाजारात रुपयाच्या नाण्याला केवढा मान आहे! सौदा ठरला की विकणारा आपलं जुनं दावं काढून घेतो. नवं दावं घेणाऱ्यानं आणायचं, म्हणून प्रत्येक सौदा शेवटी चाचांच्या दुकानावरच येतो. आणि दावं सोडताना विकणारा एक रुपया जनावराच्या कपाळाला लावून घेणाऱ्याच्या हातात परत देतो. गोठ्याचा रुपया म्हणतात त्याला. तो दिल्याशिवाय जनावर हलत नाही. आणि आता पैसे सगळे मोबाईलवरून जातात, खिशात नाणं कुणाच्याच नाही!

"मोबाईलमधला रुपाया गाईच्या कपाळाला लावता येतो का?" चाचा दुकानाकडं जाता जाता ओरडूनच विचारत होते. "लाव बरं! स्क्यान कर गाईला!"

दुकानात बसल्या बसल्या त्यांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या. वीस-वीस नाणी एकावर एक ठेवून गुंडाळायची, वर सुतळीची गाठ. ती गाठ त्यांनी मला शिकवली. वासराला बांधतात ती सुरगाठ. टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. माझी काही सुटेना, उलट आवळत गेली.

"घाबरून बांधली की आसंच हुतं," ते म्हणाले. "ढिल्या हातानं बांध. गाठ बांधताना सोडायचा इचार आधी करायचा."

मग ते उभे राहिले आणि हाळी दिली. काय आवाज तो! "रुपाया घ्या, रुपाया! लोखंडी रुपाया! वीस दे, वीस घे! बट्टा न्हाई, कटती न्हाई!"

पहिला आला एक बैलांचा व्यापारी, पागोटंवाला. "गफूर, म्हातारपणी बँक काढली का काय?"

"काढली. तुज्यासारक्या भिकाऱ्याला पयलं गिऱ्हाईक केलं. किती देऊ?"

"पाच गुंडाळ्या दे. सकाळधरनं एका रुपायासाठी तीन सौदे अडल्यात माझे."

शंभराची नोट! माझ्या हातात! मी ती दोनदा उलटून बघितली. मग शेळ्यांवाला आला, म्हशींवाले दोघं भाऊ आले. दोनाची आणि पाचाची नाणी चाचांनी बाजाराच्या पावत्या फाडणाऱ्याकडं, चहावाल्याकडं आणि वड्याच्या गाडीवर पाठवली. म्हणजे मलाच पळवलं. "जा, त्याला म्हनावं गफूरनं दिल्यात. आन् नोट हातात आल्याबिगर गुंडाळी सोडू नको." मी, जिला भांडता येत नाही, ती वड्याच्या गाडीपुढं हात पुढं करून म्हणाले, "आधी नोट!" वडेवाला हसला आणि त्यानं दोन नोटा दिल्या. मला वाटलं मी कलेक्टर झाले.

एकच्या सुमाराला चाचांनी टोपी नीट केली. "नमाजला जातो. दुकान बघ."

"मी?" मी हातातली सुतळी खाली ठेवली. "चाचा, मला काहीच येत नाही! आणि तुमचा गल्ला?"

"गल्ला काय चावतोय व्हय तुला? कासरा बारा हात, दावं चार हात. हातानं मोजायचं, कापायचं, पैसं घ्यायचं. संपलं." आणि गेले. स्वतःच्या पैशांची पेटी उघडी टाकून, नुसत्या नळावरच्या ओळखीवर.

लगेच एक शेतकरी आला, कासरा पाहिजे म्हणाला. मी बारा हात मोजला, कापला, बैलाला लावून बघितला तर तोकडा! तो शेतकरी माझ्याकडं बघतो, मी बैलाकडं बघते. "ताई, ह्यो बारा हात?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. ते माझे बारा हात होते, चाचांचे नव्हेत! मी घाईघाईनं दुसरा कासरा काढला आणि भीतीनं चांगला सोळा हात कापून दिला, त्याच पैशात. चाचा परत आले तेव्हा दुकानापुढं उभं राहून गुन्हा केल्यासारखं सगळं सांगितलं. ते मांडीवर थाप मारून हसले.

"बरं झालं. त्याचा बैल लांबवर चरंल. आन् ह्यो तोकडा, ह्यो वासराला जाईल. वाया काय गेलं? घाबरू नको गं, दोर हाय, फाशी न्हाई."

दोन वाजता बादलीत फक्त दहाची नाणी उरली. एकसष्ट. त्यांच्या पंधरा-पंधराच्या चार गुंडाळ्या करून, एकीत एक जास्त, मी पुऱ्या बाजाराला दाखवून आले होते. कुणी हात लावेना. "बंद झाल्यात", "नकली हायत", "बायकू ओरडती." नोटा मोजल्या, सत्तावीसशे पन्नास. साडेचारशे कमी. इतकं धावून, इतकं ओरडून, शेवटी तिथंच.

चाचांनी बंडीच्या आतल्या खिशातून सहा शंभराच्या नोटा काढल्या, वर एक दहाची, आणि माझ्या पदरात टाकल्या. "ती नाणी हिकडं दे. मला लागत्यात."

"कुठं लागतात? कुणी घेत नाही ना!"

"सरकारनं बंद केल्यात व्हय? लोकांच्या डोस्क्यात बंद हायत. मी नगरला माल आनायला जातो ना, तितं चालत्यात."

"पण काहून..."

"आता काहून केलीस तर बादलीत घालीन! अडीच वाजाया आलं. पळ!"

मी पळाले. वडापच्या जीपमध्ये शेवटच्या फळीवर अर्धी बाहेर बसून नेवाशाला पोचले. कॅफेवाल्यानं नोटा मोजल्या, माझं नाव टाईप केलं, आईचं नाव विचारलं, सातवीचा दाखला स्कॅन केला. दोनदा साइट अडकली. दोन्ही वेळा माझा जीव अडकला. पाचला दहा मिनिटं कमी असताना मशीनमधून कागद बाहेर आला, गरम गरम! त्यावर माझं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, इयत्ता दहावी.

पुढच्या शुक्रवारी तो कागद दाखवायला दुकानावर गेले. चाचा कासरा मोजत होते. "वाच," म्हणाले. मी मोठ्यानं वाचला. त्यांनी आजूबाजूच्या चार दुकानदारांना बोलावून पुन्हा वाचायला लावला. "ह्या काहूनबाईला आता मास्तर इचारनार, आन् ही मास्तरला इचारनार, काहून!" सगळे हसले, मीही हसले.

त्यानंतर बऱ्याच शुक्रवारी, हॉटेलात गर्दी नसली की मी त्यांना हातभार लावायला जायची. दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी नव्या घुंगुरमाळा मांडायच्या होत्या म्हणून दोरांच्या ढिगाखालचा पत्र्याचा डबा उचलला. रिकामा वाटला होता, जड लागला. झाकण उघडलं. आत वर्तमानपत्राच्या चार गुंडाळ्या होत्या, वर सुतळीच्या आवळून बसलेल्या, वाकड्या गाठी. त्या गाठी साऱ्या जगात फक्त मलाच तशा येतात.

नगरला चालत नव्हत्या. कुठंच चालत नव्हत्या. त्यांना त्या दिवशीच माहीत होतं.

चाचांनी मला बघताना बघितलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "झोपल्यात जरा. उठतील. नाणं हाय ते, कवातरी उठतंच. तू झाकन लाव, धूळ जाती."

मी झाकण लावलं. घशात पुन्हा शब्द अडकले, तेव्हा तिथं बोलले नाही, इथं लिहिते. आता मार्चमध्ये परीक्षा आहे. ताटलीशेजारी पुस्तक उघडं असतं, बस गेली की वाचते. गणिताची भीती वाटते, पास होईन की नाही ठाऊक नाही. पण चाचा, पास झाले तरी आणि नापास झाले तरी, सहाशे दहा रुपयांच्या कोऱ्या नोटा घेऊन मी एका शुक्रवारी लिंबाखाली येणार आहे. तो डबा माझा मी परत नेणार आहे, बट्टा न घेता, न देता. आणि त्या चारही गाठी तुमच्यासमोर, ढिल्या हातानं, मी स्वतः सोडणार आहे.