आग्नेलच्या पदवीची पीकपाहणी

कार्मिनबाय सापाला भ्यायची नाही, फौजदाराला भ्यायची नाही. ती भ्यायची ती रकान्यांच्या कागदाला. त्याला कारण होतं. खाडीकाठच्या तिच्या माहेरी भावाने गिरणीतल्या नोकरीच्या नादाने शेत दोन वर्षं न कसता पड टाकलं. तिसऱ्या वर्षी शेजाऱ्याने त्यात नांगर घातला. तलाठी पीकपाहणीला आला, रकान्यात शेजाऱ्याचं नाव चढलं, आणि कुळकायद्याच्या वाऱ्यात बापजाद्यांचं भात दुसऱ्याच्या कणगीत गेलं. “जमीन काय उठून जाते काय?” असं तिचा भाऊ शेवटपर्यंत म्हणत होता. जमीन उठली नाही. भावालाच उठावं लागलं.

अशा बाईच्या भुईगावच्या ओट्यावर सत्तावन्न सालच्या मे महिन्यात टपालवाल्याने एक लांबोडका लिफाफा टाकला. तिचा मुलगा आग्नेल मुंबईला पाद्र्यांच्या ज्या कॉलेजात शिकला, तिथून तो आला होता. सून फ्लॉसीने इंग्रजी वाचून सांगितलं, “माजी विद्यार्थी कुठल्या हुद्द्याला चढले, पदवी घेऊन लोकांची काय सेवा केली, हे कॉलेजाला बघायचंय. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की फादर आणि दोन माजी विद्यार्थी येतील. सोबतचा तक्ता भरून ठेवा म्हणतात.”

कार्मिनबायने तक्ता डोळ्यांजवळ धरला. हुद्दा, बढती, परदेशगमन, मानसन्मान, समाजसेवा. आग्नेलने पहिल्या रकान्यात ‘शाळामास्तर’ एवढं लिहून बाकीचे सगळे तसेच सोडले होते आणि तो निवांत शेंगा फोडत बसला होता.

“हे कोरं का रं?”

“भरन्यासारखं काय नाय, आये.”

“म्हंजे पड!” कार्मिनबाय मटकन खाली बसली. “फ्लॉसी, पदवी काढून नेतात गो ही मान्सं!”

आग्नेल हसून म्हणाला, “आये, पदवी म्हंजे काय जमीन हाय?”

“तुझा मामा पन असाच हसत होता.”

तिचं हसणं पळालं होतं ते उगाच नाही. नवरा गेल्यावर चार वर्षं तिने डोक्यावर केळ्यांच्या पाट्या वाहिल्या, तेव्हा आग्नेल आळीतला पहिला बी.एस्सी. झाला. त्या पाट्यांनी आपली मान दोन बोटं आत गेली असं ती सांगायची, आणि बोटं लावून दाखवायचीसुद्धा. पदवी घेऊन आग्नेल मुंबईत एका हापिसात खुर्चीवर बसला, तो बरोबर अकरा दिवस. बाराव्या दिवशी गाठोडं घेऊन दारात हजर. “खिडकीतून एकपन झाड दिसत नाय,” म्हणाला. झाडांचं शास्त्र शिकलेला माणूस! मग गावच्या शाळेत मास्तर झाला. ते अकरा दिवस कार्मिनबायने त्याला अजून माफ केले नव्हते. पण खुर्ची गेली ती गेली, पदवी जाऊ द्यायची नाही, असं तिने ठरवलं.

पाहणीला पंच लागतात. ती शेजारच्या केळीच्या वाडीवाल्या हरेश्वराकडे गेली, खाडीवरच्या मिठागरातल्या सोनूकडे गेली. “रविवारी या आनि आग्नेलची पदवी वापरात हाय अशी साक्ष द्या. खोटं बोलू नका, पन कमी पन बोलू नका.” घरी येऊन तिने भिंतीवरची पदवी काचेसकट उतरवली आणि भाताच्या कणगीत पुरली.

रविवारी म्हातारे फादर पांढऱ्या झग्यात आले. मागे कोटातले दोघे, एक मॅजिस्ट्रेट, दुसरा कस्टममधला मोठा साहेब. मे महिन्यात गळ्याला टाय! दोघांच्या कॉलरी भिजून लोळागोळा झाल्या होत्या.

“आग्नेलची पदवी कुठं लावलीय? फोटो काढू,” फादर म्हणाले.

“घरात नाय,” कार्मिनबाय म्हणाली. “कामाला गेलीय.”

फादरनी आग्नेलकडे पाहिलं. आग्नेलने वाशांकडे पाहिलं. तेवढ्यात कार्मिनबायने हरेश्वराला ढोसलं. “बोल.”

हरेश्वर उभा राहिला. “ह्यानं मला सांगितलं, तुझ्या केळींना रोग आहे, शंभर झाडं खणून जाळ. मी शिव्या घातल्या. तर हा माझी गाठ चुकवून माझ्या बायकोला पटवून आला. ती कुदळ घेऊन उभी राहिली. चार महिने मी ह्याच्याशी बोललो नाय. मग आळीतल्या सगळ्या वाड्या रोगानं बसल्या, माझीच उभी राहिली. आता बोलतो.”

“सोनू, तू!”

“माझ्या तीन पोरींना शाळेत घाल म्हनून रोज यायचा,” सोनू म्हणाला. “मी दाराला कडी घातली, तर ओट्यावर बसून राहायचा. कोंबड्यांना दाने पन टाकायचा. शेवटी म्हटलं, पोरी जाऊ देत शाळंत, पन हा जाऊ दे घरी! आता थोरली मिठाच्या गोनींचा हिशेब बघते, तर मुकादम मला वचकून असतो.”

फादर पोट धरून हसले. “पण बाय, ही साक्षीदारांची फौज कशाला?”

तेव्हा कार्मिनबायने भावाचं शेत, तलाठी, कोरे रकाने, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाली, “पड नाय ओ, फादर. पोरगं लिवायला आळशी हाय, राबायला नाय.”

मॅजिस्ट्रेट खो खो हसायला लागला. फादर मात्र आता हसले नाहीत. “एकदा दिलेली पदवी कुणी नेत नाही, बाय.”

“तोंडी नको. माझ्या भावाला पन शेजाऱ्यानं तोंडीच सांगितलेलं.”

फादरनी तोच तक्ता उलटा केला आणि मराठीत लिहिलं: ‘आग्नेलची पदवी रोजच्या वापरात आहे. ती कोणीही, कधीही काढून नेणार नाही.’ खाली सही केली. फ्लॉसीकडून कार्मिनबायने ते दोनदा वाचून घेतलं.

“आता दोन पंचांच्या सह्या. हुद्द्यासकट.”

कोटवाले एकमेकांकडे बघायला लागले. “करा,” फादर म्हणाले. दोघांनी मुकाट सह्या ठोकल्या. फ्लॉसीने हुद्दे मोठ्याने वाचले आणि तिथेच घात झाला.

“म्हंजे हे कोर्टाचे साहेब?” सोनू ताडकन उठला. “थांबा हां, माझा मिठागराचा कागद आनतो.”

बघता बघता अंगण भरलं. ज्याच्या त्याच्या हातात कागद. मॅजिस्ट्रेट कोट काढून नोटिशी वाचायला बसला. कस्टमच्या साहेबाने एका म्हातारीच्या आफ्रिकेतल्या लेकाला पत्र लिहिलं, ते ‘थोडक्यात लिहू नको’ म्हणून तिने दोनदा फाडलं. घामाघूम होऊन त्याने आग्नेलला विचारलं, “हे असं रोज असतं?”

“नाय. रविवारी जरा कमीच असतं.”

कार्मिनबाय फादरांचा कागद कमरेला खोचून चहाचं आधण ठेवायला उठली. जाता जाता फादरांच्या कानाशी वाकली.

“ह्या दोघांना वर्सातनं दोनदा तरी पाठवत जा, फादर. नायतर एखाद दिवशी ह्यांच्या पदव्या काढून नेतील.”