नातीच्या भरल्या बाटलीसाठी आदिलाबादला

तामसीहून सकाळच्या बसने आदिलाबादला निघाले, ते नातीच्या पाण्याच्या बाटलीसाठी. माझा मुलगा तिथे कारकून आहे. त्याची मुलगी सुजाता दुसरीत. त्याचा निरोप आला होता : पोरगी शाळेतून बाटली भरलीच परत आणते, पाणी पीत नाही, लघवीला जळजळ होते म्हणून रडते.

वाटेत ड्रायव्हरने बस थांबवली. पुरुष उतरून बाभळींच्या आडोशाला गेले. आम्ही बाया पिशव्या धरून बसून राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, तो बघत. मीही उतरले नाही.

स्टँडवर मिरचीची भजी खाल्ली आणि शाळेत गेले. इंग्रजी शाळा. टीचर तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलली.

"अम्मा, यहाँ टॉयलेट जाने को इंग्लिश में पूछना पड़ता. छोटे बच्चे 'वी-वी' बोलते, 'पी-पी' बोलते, बड़े 'नंबर वन'. आपकी बच्ची गंदा बोलती."

सुजाता मान खाली घालून उभी होती.

"सांग वं बाई, भेऊ नको. काय म्हणाली तू?"

"मुताले जातो म्हणलं, आजी. सारे हासले. टीचरनं खाली बसवलं. मंग मी पाणीच नाही पेली."

मी टीचरकडे वळले. "वी-वी बोले तो क्या अत्तर निकलता?"

दारातली आया (शाळेतली कामवाली बाई) पदर तोंडाला लावून हसली.

"रूल है, अम्मा."

"इंग्लिश सिखाओ, उसके वास्ते ही भेजे. सीखने तक बच्ची को जाने दो. नहीं तो सोमवार से मैं इधर दरवाजे में बैठती. उसको लगी तो मैं चिल्लाती, हमारी बोली में."

टीचरने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भेजती हूँ, अम्मा."

"अच्छा. अब मेरे को भी मूतने का है. किधर है?"

आयाने दाखवलं.

शनिवार होता. मुलाला सांगून सुजाताला रविवारपुरती सोबत घेऊन परत निघाले. बसमध्ये तिने बाटली घटाघटा संपवली. बस त्याच बाभळींपाशी थांबली, पुरुष जाऊन आले, बस सुटली आणि ही माझा पदर ओढू लागली.

"कंडक्टरले सांग," मी म्हटलं.

ती सीटवर उभी राहिली. "थांबवा! मले मुताचं हाय!"

मागचे हसले. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"मघाशी काऊन नाही उतरली?" कंडक्टर वैतागला.

"मघाशी तिथं तुमी होते," मी म्हटलं.

बस थांबली. आम्ही दोघी उतरलो. मागून एक बाई उतरली, मग तिची सासू, मग निम्मी बस. पुरुष काचेतून समोरचा रस्ता बघत बसले. बसू देत.

तामसीला उशिरा पोहोचलो. मी चौथी शिकले, इंग्रजी मला येत नाही. सुजाताने ती शिकावी, 'नंबर वन'सुद्धा शिकावं. लाज शिकायला तिला शाळेत घातलेली नाही. सोमवारी मी पुन्हा आदिलाबादला जाणार आहे, बाटली बघायला.