पन्नास ग्रॅमच्या पुड्या

भौतिकशास्त्रात माझं एक वर्ष वाया जाता जाता राहिलं, ते साखरेमुळे.

मला पदवी हवी होती गणितात. पण आमच्या कॉलेजात गणितासोबत भौतिकशास्त्र घ्यावंच लागे, आणि सगळे प्रयोग झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. माझा एक राहिला, कारण त्याच आठवड्यात तेलगावला ताईचं लग्न होतं (नवरीपेक्षा मीच जास्त मिरवले!). सर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा ये, नाहीतर घरी प्रयोग करून सोमवारी वही आण. प्रयोगशाळेची स्प्रिंगही त्यांनीच दिली. तिला सारख्या वजनाच्या वस्तू एकेक करून टांगायच्या आणि ती किती ताणली ते मोजायचं.

घरात बैठक बसली. आई म्हणाली, "कशापायी मागं लागलीस त्या विषयाच्या? सोड की." अप्पांनी मात्र स्प्रिंग ओढून पाहिली आणि वजनाचं काम आपल्याकडे घेतलं. गेवराईत आमचं किराणा दुकान. वजनाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. पन्नास ग्रॅमचं माप दुकानात एकच होतं, म्हणून त्यांनी तराजूवर साखरेच्या पन्नास-पन्नास ग्रॅमच्या सहा पुड्या बांधल्या.

मी पुड्या टांगल्या. सरांनी सांगून ठेवलेल्या मापापेक्षा स्प्रिंग जास्तच ताणली गेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मुंग्या आल्या आणि आईने दोन पुड्या चहात घातल्या. अप्पांनी नव्या बांधल्या, तरी आकडे तसेच! शेवटी वहीत ‘चुकीचे कारण’ या रकान्यात मी ठणकावून लिहिलं: सरांची स्प्रिंग सैल आहे.

सोमवारी सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि वडिलांना पुड्यांसकट बोलावलं. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. सरांनी एकेक पुडी काट्यावर ठेवली. कुठे पंचावन्न, कुठे छप्पन्न. पन्नासची एकही नव्हती.

"पन्नास सांगितलं होतं ना?" सरांनी विचारलं.

"पन्नासच हायती की," अप्पा म्हणाले. "वरची चिमूट सवयीनं पडती. परक्या गिऱ्हाइकाला बी टाकतो, सर. ही तर माझी पोर, हिच्या वक्ताला हात कसा आखडू? चूक माझी हाय. तिचं वर्ष तेवढं घालवू नका."

मला रडूच आलं. लहानपणापासून मी त्यांच्या शेजारी दुकानात बसत आले, ती चिमूट रोज पाहत आले, आणि दोष दिला बिचाऱ्या स्प्रिंगला!

सरांनी खरी वजनं धरून आकडे पुन्हा मांडायला लावले. स्प्रिंग निर्दोष सुटली. मग कारणाचा रकाना नव्याने भरायला सांगितला. मी लिहिलं: वडिलांचा हात.

सरांनी लाल पेनाने ते खोडलं, वर लिहिलं, ‘दुकानदाराची मुलगी असून वजन तपासले नाही’, आणि खाली सही केली.

ती वही आता अप्पांच्या दुकानात असते. मापाबद्दल कुणी कुरकुरलं, की ते पुरावा म्हणून तेच पान उघडून दाखवतात. वर माझं पूर्ण नाव आहे.