पाठीवरचा ठेका

‘‘जरा अजून वाका,’’ सबनीस म्हणाले. ‘‘पाठ सपाट झाली की ठेका नीट बसेल.’’

मी वाकलो. नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, शेजाऱ्यांसमोर, मीच लिहिलेल्या नाटकाच्या तालमीत. सबनीसांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि माझ्या पाठीवर ठेका धरला. वर मोकळ्या आवाजात ते माझंच पद गात होते. लोक हसले. मला हशाचा आवाज पहिल्यापासून आवडतो. माझी सगळी फजिती तिथेच आहे.

नव्वदीची वर्षं. घरोघरी केबल आली होती, पाणी यायचं बाकी होतं. मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्क. कोकणातला, बौद्ध. आधी शिरवण्यात भाड्याची खोली, मग कर्ज काढून हा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. आमच्या डोक्यावर सबनीस राहायचे. बँकेतून रिटायर झालेले, गळ्यात नाट्यसंगीत. रोज सकाळी त्यांचा रियाज आणि माझी दाढी एकाच वेळी चालायची. त्यांनी तान घेतली की माझी हनुवटी कापायची. माझं संगीताचं शिक्षण असं झालं, रक्त सांडून, छतातून आणि फुकट.

त्या चालींवर मी कारखान्याच्या कँटीनमध्ये गाणी रचायचो. मॅनेजरवर, ओव्हरटाइमवर, पातळ आमटीवर. पोरं ताटं वाजवून साथ करायची. ही कीर्ती सोसायटीपर्यंत गेली. आंतर-सोसायटी एकांकिका स्पर्धा जाहीर झाली तेव्हा सबनीस स्वतः खाली आले. म्हणाले, कवी, आपल्याला एक फार्स लिहून द्या, चांगला संगीत. मी रात्रपाळी केल्यासारखा लिहीत सुटलो.

विषय डोळ्यांसमोर होता. पाणी. संगीत नाटकात राजा गातो, नायक गातो, हुजऱ्या मागे उभा राहून पंखा हलवतो. मी ते उलटं केलं. माझा चेअरमन साध्या बोलीत मेंटेनन्स मागत फिरतो. आणि टाकीची चावी फिरवणारा वॉचमन तोंड उघडतो तेव्हा थेट ख्यालच निघतो. त्याचं पद होतं:

चार मजले माझ्या हाती, चावी फिरवता पाणी वाहे
पायऱ्यांखाली माझ्या घरी माठ अजुनी वाट पाहे

दुसरी ओळ आली की हसणारा माणूस थोडा अडकावा, एवढीच माझी अपेक्षा. अख्खं नाटक त्या दोन ओळींसाठी होतं.

वाचन सबनीसांच्या हॉलमध्ये झालं. सगळ्यांना आवडलं. वाचून झाल्यावर सबनीसांनी चष्मा पुसला. ‘‘वॉचमन गातो हे काही पटत नाही, रसभंग होतो. पद मी गाईन, चेअरमन म्हणून. तुम्ही वॉचमन करा. तुम्हाला नैसर्गिक जमेल, मेकअपसुद्धा लागायचा नाही.’’

कोणी चपापलं नाही. मीही नाही. मी म्हटलं, बरं. लेखक म्हणून बसलो होतो, वॉचमन म्हणून उठलो.

राग का आला नाही, हे मी स्वतःला पुढे खूपदा विचारलं. कप वेगळा असता तर आला असता. गावात माझ्या आजोबांना वरून ओतलेला चहा मिळायचा. तसलं काही वाट्याला आलं तर काय बोलायचं, याची वाक्यं मी लहानपणापासून तयार ठेवली होती. इथे सबनीस काकूंनी त्यांच्या चांगल्या कपातून चहा दिला, बशीत दोन बिस्किटं, वर ‘घ्या हो, लाजू नका.’ माझी सगळी वाक्यं वाया गेली.

पुढच्या तालमीला पद बदललेलं होतं. चेअरमन गाणार, तर माठ ‘माझ्या घरी’ कसा चालेल? सबनीसांनी तिथे ‘त्याच्या घरी’ केलं. म्हणजे आता चेअरमनला वॉचमनची दया येत होती. लोकांना ते फार हृदयस्पर्शी वाटलं. मग वॉचमनने गाणं चालू असताना करायचं काय? तर सबनीसांना ठेका सुचला. ‘‘तुमच्या लोकांत ताल उपजतच असतो,’’ ते म्हणाले, अगदी कौतुकाने. ‘‘तुम्ही फक्त पाठ द्या.’’

मी पाठ दिली. आणि पुढचं सांगायला आजही जीभ जड होते. समेवर गुंडाळीचा फटका जोरात बसल्यावर ‘आई गं’ म्हणायचं, ही सुधारणा माझी. कोणी सुचवली नाही, कोणी भाग पाडलं नाही. विनोद लिहिणाऱ्याला मोकळी जागा दिसली की तो भरतो. ती आपल्याच पाठीवर आहे हे त्याला दिसत नाही. सबनीस खूश. मीसुद्धा. घरी आरशासमोर मी वाकून ‘आई गं’ घोटत होतो तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

‘‘काय चाललंय?’’

‘‘तालीम.’’

‘‘वाकायची? त्याला तालीम लागते व्हय आपल्याला?’’

मी हसलो. ती हसली नाही. आत जाऊन तिने पोळी तव्यावर टाकली.

स्पर्धेची पहिली फेरी संध्याकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये होती. माझ्या अंगात आमच्या वॉचमनचाच शर्ट, मागून आणलेला. तो बिचारा बनियनवर गेटपाशी बसला होता. सबनीस काकू पेटीवर. सुरुवातीला माइकवर नावं सांगितली गेली. दिग्दर्शन सबनीस, संगीत सबनीस, लेखन सबनीस आणि मंडळी. मंडळी म्हणजे मी.

पद सुरू झालं. मी वाकलो. फटका, फटका, फटका, सम. ‘आई गं.’ हॉल हशाने फुटला. दुसऱ्या समेला त्याहून जास्त. मी वाकलेला असल्यामुळे मला फक्त पहिल्या रांगेतल्या चपला दिसत होत्या, आणि चपला हसताना हलतात हे मला तेव्हा कळलं. पद संपलं. सबनीसांनी लवून नमस्कार केला. आणि मागून आवाज आला, ‘वन्स मोअर.’ मग सगळीकडून.

संगीत नाटकात याच्यापुढे मान नाही. ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा घ्यायचं, ही रीत. काकूंनी पेटीवर सुरुवातीचे सूर धरले. सबनीस ओठ न हलवता म्हणाले, ‘‘वाका.’’

तेव्हा मला माझे वडील आठवले. ते आमच्या वस्तीच्या जलशात गायचे. त्या जलशात एक प्रवेश ठरलेला असायचा. खुर्चीत पाटील, समोर कमरेत वाकलेला माणूस. तो वाकलेला माणूस गाऊ लागायचा आणि कडव्याकडव्याला थोडा थोडा ताठ व्हायचा. शेवटच्या ओळीला पाटलाला मान वर करून बघावं लागायचं. हशा पडायचा तो पाटलावर. वाकलेल्याचं काम वडील करायचे. मी पुढे मातीत बसून ते पाहिलेलं होतं. त्या अंगणात गाणं आणि टवाळी मी आधीच शिकलो होतो. छतातून मिळालेलं नंतरचं. वडिलांच्या जलशात वाकलेला माणूस गाणं संपेपर्यंत ताठ व्हायचा. माझ्या नाटकात गाणं संपलं होतं, मी वाकलेलाच होतो, आणि लोकांना ते पुन्हा बघायचं होतं.

मी ताठ उभा राहिलो.

काकूंनी सूर पुन्हा धरले. सबनीसांनी गायला सुरुवात केली, गुंडाळी उचलली आणि पाठ शोधू लागले. पाठ नव्हती. गुंडाळी हवेत राहिली. सम आली. मी काही म्हटलं नाही.

हॉल पुन्हा फुटला. आधीपेक्षा मोठ्याने. त्यांना वाटलं, हाच विनोद. दुसऱ्या रांगेत बायको बसली होती, ती तेवढी गप्प.

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नाही म्हटलं आणि त्यावर टाळ्या पडल्या. याच्याइतकं थकवणारं मला अजून काही सापडलेलं नाही.

आत गेल्यावर सबनीसांनी मला मिठी मारली. खरीखुरी, घामाची. ‘‘कवी, काय टायमिंग साधलंत. आपण अंतिम फेरीत गेलोच समजा. उद्या हेच ठेवू. पहिल्यांदा वाका, दुसऱ्यांदा ताठ.’’

ते वाईट माणूस नव्हते. म्हणून तर ते थांबणार नव्हते. मी काहीही केलं असतं तरी ते त्याची जागा ठरवून, ठेक्यात बसवून मोकळे झाले असते. मी वॉचमनचा शर्ट काढला, घडी घातली. एक मिश्कील वाक्य ओठांवर आलं होतं, चांगलं होतं. ते गिळलं.

‘‘उद्या हे नाटक होणार नाही,’’ मी म्हटलं. ‘‘मी लिहिलंय. मी परत घेतोय.’’

‘‘गंमत करताय.’’

‘‘नाही.’’

सोसायटीची अब्रू जाईल, असं कोणीतरी म्हणालं. या लोकांना डोक्यावर बसवलं की असंच होतं, असंही म्हणालं, जरा हळू, पण मला ऐकू जाईल इतकं. काकू पेटीचा भाता बंद करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

अंतिम फेरीत आमची सोसायटी नव्हती. जिन्यात लोक मला पाहून भिंतीकडे बघू लागले. छतातला रियाज चालू राहिला. दाढी करताना मी पहिल्यासारखाच कापून घेत राहिलो, कारण सबनीसांचा गळा खरोखर चांगला होता आणि मी खरोखर अडाणी होतो. बायको एकदाच त्यावर बोलली. ‘‘पाठ दुखते का?’’ एवढंच.

दुखते. अजून. विनोदी माणसाची पाठ सवयीने वाकते. हशाचा आवाज आला की आजही ती आपोआप खाली जाऊ लागते, तिला धरून ठेवावं लागतं.

पुढे बरंच लिहिलं. संगीतच लिहिलं, टवाळच लिहिलं. वाचनाला बोलावतात, चहा देतात, चांगल्या कपातून. चहा पिण्याआधी मी सांगून टाकतो. माझ्या नाटकात पाणी सोडणारा गातो. त्याचं पद दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, त्यातला माठ त्याच्या तोंडूनच येईल. कुणाच्या पाठीवर ताल धरायचा नाही. हे मान्य नसेल तर संहिता परत द्या.

हे सांगताना मी विनोद करत नाही. गाणं मी वॉचमनला दिलंय. नकार साध्या बोलीत, कोरडा, माझ्याकडे ठेवलाय. त्याला ‘वन्स मोअर’ मागितला तर तो तसाच्या तसा पुन्हा मिळेल.